मगदूम सरांचा मफलर

"सर, तुमच्या त्या प्लेटोला एकदा आमच्या तालमीत धाडा की. बघू किती दम धरतोय ते!"

वर्ग खदाखदा हसला. मी शेवटच्या बाकावर पाय पसरून बसलो होतो आणि माझ्याच विनोदावर सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत होतो. ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. वारणेकाठच्या आमच्या कॉलेजात पैलवान पोरं तत्त्वज्ञान हाच विषय घ्यायची, कारण त्या तासाला झोपलं तरी कुणी उठवत नसे. मी रंगराव खोत, वजन नव्वद किलो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. अंगात रग इतकी की दारातून जाताना चौकटच बाजूला होईल असं वाटायचं.

फळ्यापाशी मगदूम सर उभे होते. चाळिशी उलटलेला, काडीसारखा माणूस. अंगात कोट, उजवा हात सदा कोटाच्या खिशात, खडू डाव्या हातात. आणि बारा महिने कानांवरून गच्च गुंडाळलेला तपकिरी लोकरीचा मफलर. वैशाखात आम्ही उघड्या अंगानं झोपायचो तेव्हाही या माणसाच्या कानाला थंडी वाजायची. आम्ही त्यांना मफलर मास्तर म्हणायचो, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

"चांगला दम धरला असता," सर शांतपणे म्हणाले. "प्लेटो हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे असं म्हणतात. खांदे रुंद होते म्हणून त्याच्या वस्तादानं ते नाव पाडलं. आणखी एकजण होता, मूळचा मुष्टियोद्धा. रात्रभर लोकांच्या बागांना पाणी ओढायचा आणि दिवसा तत्त्वज्ञान शिकायला बसायचा. आपल्याकडे अशी समजूत आहे की डोकं असलं की अंग नसतं आणि अंग असलं की डोकं नसतं. त्या लोकांत तशी नव्हती."

"म्हंजे आमास्नी डोकं न्हाई म्हणताय व्हय सर?"

"तसं मी म्हटलं नाही. तू म्हणालास."

आता वर्ग माझ्यावर हसला. मला ते झोंबलं. सरांनी मात्र तिकडे लक्ष न देता मिलोची गोष्ट सांगायला घेतली. हा मिलो त्या काळचा नामांकित पैलवान, आणि बसणं-उठणं सगळं तत्त्वज्ञांच्या मंडळीत. एकदा ही मंडळी जमलेली असताना घराचा खांब खचला आणि छत खाली यायला लागलं. मिलो उठला, खांबाच्या जागी स्वतः उभा राहिला आणि सगळे बाहेर पडेपर्यंत छत धरून राहिला.

"आन् मग त्यो कसा सुटला?" मी विचारलं. गोष्ट आवडली होती, खोटं कशाला बोलू.

"शेवटी तोही सुटला अशी कथा आहे." सर म्हणाले. "छत धरणारा जसाच्या तसा सुटत असेल असं मला वाटत नाही. पण कथेत सुटतो."

तास संपला तसं त्यांनी मला टेबल सरकवायला बोलावलं. मी एका हातानं उचलतो म्हणून ऐटीत डावा हात घातला. टेबल वीतभर उचललं गेलं आणि हातातून निसटून धाडकन खाली आलं. माझी बोटं टेबलाला धरून होती, पण ती माझी नव्हतीच. मी हात झटकला, हसलो, घाम पुसला. पोरं निघून गेली होती. सर माझ्याकडे एकटक बघत होते.

"हात झोपतो का रे?"

"छ्या! घाम हुता सर."

"मान डावीकडे वळवली की मुंग्या वाढतात?"

अगदी तसंच व्हायचं. दोन महिने होत होतं आणि मी ते एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. माघातल्या यात्रेच्या मैदानात माझी जोड कवठ्याच्या शेंडगेशी ठरली होती. चांदीच्या गदेची कुस्ती, पंचक्रोशीत नाव छापून पत्रकं लागलेली. माझ्या वडिलांनी, आबांनी, तर गदा टांगायला सोप्यातल्या भिंतीत आधीच खिळा मारून ठेवला होता. मुंग्यांचं नाव काढलं असतं तर बंडा वस्तादानं मला बाहेर बसवलं असतं.

"तुमास्नी काय कळतंय त्यातलं सर?" मी म्हणालो आणि चालता झालो.

तीन दिवसांनी संध्याकाळी तालमीत गेलो तर वस्ताद हौद्याच्या काठावर माझी वाटच बघत बसलेले. हौदा म्हणजे आमचा लाल मातीचा आखाडा. बंडा वस्ताद साठीचे, बोलणं कमी, हात भारी.

"रंगा, तुजं मास्तर आलं हुतं. पोराची मान दुखावली हाय, मैदान लढू दिऊ नका म्हणत हुतं. खरं हाय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तरानं चहाडी केली होती. मी पुढे झालो आणि वस्तादांच्या समोर शंभर जोर मारले. साठाच्या पुढे डावा हात कुठं आहे तेच कळेना, पण मी दात ओठ खाऊन शंभर केले. मग कोनाड्यातल्या मारुतीकडे हात केला.

"ह्येची आण वस्ताद. कायबी न्हाई. त्यो मास्तर जळाय लागलाय."

वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. आण घेतल्यावर आमच्यात पुढं कोणी विचारत नाही. ते उठून गेले. मारुतीची खोटी आण घेतली याची भीती मला घरी जाताना वाटली. पण गदा मोठी होती, भीती लहान होती.

दुसऱ्या दिवशी मी मगदूम सरांना व्हरांड्यात गाठलं. चांगली पंधरावीस पोरं भोवती होती, आणि मला ती हवीच होती.

"काय वो सर, वस्तादाच्या कानाला लागायला बरं जमतंय की! येवढी पैलवानकीची जाण हाय तर या की तालमीत. द्या माती माज्या हातात."

"माती दिली तर काय होतं?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"परक्या माणसानं हौद्यात उतरून ज्येच्या हातात माती दिली, त्येला कुस्ती करावीच लागती. न्हाई म्हणायची सोय न्हाई."

"आणि पाठ लागली तर?"

"बंडा वस्तादाचा कायदा कडक हाय सर. घरच्या मातीत ज्येची पाठ लागली, त्यो त्या हंगामात मैदानाचं त्वांड बघत न्हाई. लंगोट वस्तादाच्या खुंटीला. पर आजवर ती खुंटी मोकळीच हाय!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी मान हलवली, जणू एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आलं होतं, आणि ते पुढच्या तासाला निघून गेले.

मैदान आठ दिवसांवर आलं होतं. रविवारी सकाळी तालीम भरलेली होती. उन्हं नुकती झरोक्यातून हौद्यावर पडली होती. माती नुकतीच उकरून, ताक आणि हळद घालून मळलेली होती, तिचा वास सुटला होता. दारात सावली पडली. बघतो तर मगदूम सर. कोट, मफलर, पायात चपला. चपला त्यांनी बाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि आत आले.

"वस्ताद, हौद्यात उतरायची परवानगी द्या."

पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. वस्तादांना वाटलं मास्तर नारळ वाढवायला आले असतील. ते म्हणाले, "या की."

सरांनी कोट काढून खुंटीला लावला. सदरा काढला. बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग. उजवा हात मनगटापासून खाली वाळलेला, बोटं आत वळलेली. तो हात आम्ही पहिल्यांदा बघत होतो, कुणाच्या तरी तोंडून "अगं आई" असं निघून गेलं. मग त्यांनी डाव्या हातानं मफलर सोडला. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा.

जोर मारणारी पोरं तशीच थांबली.

सरांचे दोन्ही कान मोडलेले होते. कुस्त्या खेळून खेळून पैलवानाचा कान फुटतो, गोळा होतो आणि वाळल्या अंजिरासारखा डोक्याला चिकटून बसतो. तसे कान दहा-बारा वर्षं माती खाल्ल्याशिवाय होत नाहीत. माझेसुद्धा अजून तसे झाले नव्हते. मी नुसता बघत राहिलो. दोन वर्षं ज्याची टिंगल केली त्या मफलरच्या आत हे होतं! बंडा वस्ताद उठून उभे राहिले. परक्या पैलवानाला करतात तसा त्यांनी मातीला हात लावून सरांना नमस्कार केला.

"कुटल्या तालमीचं म्हणायचं?"

"आता कुठलीच नाही, वस्ताद."

आणि ते हौद्यात उतरले, मूठभर माती घेतली, सरळ माझ्यासमोर आले आणि ती माझ्या हातात दिली.

वस्ताद काठावर मागे सरले. माती दिल्यावर त्यांनाही बोलता येत नव्हतं. मी हसायला गेलो, हसू आलं नाही. मग स्वतःलाच समजावलं की कान कसलेही असोत, हा साठ किलोचा, एका हाताचा म्हातारा आहे. उचलून काठावर ठेवू आणि विषय संपवू.

मी धावून गेलो. सर्व वजन पुढे टाकलं, डावा हात त्यांच्या बगलेत घातला आणि आवळला. आवळला असं मला वाटलं. हातानं धरलंच नाही. त्याच क्षणी सर एका गुडघ्यावर बसले, वाळलेल्या हाताच्या कोपरात माझा पाय अडकला आणि त्यांचा डावा पंजा माझ्या मानेमागं बसला. पुढचं मला कळलं नाही. छपराची कौलं दिसली. माझे दोन्ही खांदे मातीला लागले होते, सर माझ्या छातीवर होते आणि त्यांची पाच बोटं अजून माझी मान घट्ट धरून होती.

"चीत!" वस्ताद ओरडले.

कुणीतरी हसलं. पाठीवरची माती झाडायचंही मला सुचेना. सर उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, डावा हात त्यांनी उजव्या काखेत दाबून धरला होता. वस्तादांना म्हणाले, "वस्ताद, कोट तेवढा खांद्यावर टाका. मफलरपण गुंडाळा जरा."

आमच्या वस्तादांना, साठ वर्षांच्या माणसाला, त्यांनी गड्यासारखं काम सांगितलं. हा केवढा माज, असं मला वाटलं. वस्तादांनी गुमान मफलर गुंडाळला. सर गेले, आणि माझा लंगोट त्या मोकळ्या खुंटीला लागला.

यात्रेला मी गेलो नाही. शेंडगेनं आमच्या तालमीतल्या दुसऱ्या पैलवानाला तिसऱ्या मिनिटाला लोळवलं आणि गदा कवठ्याला गेली. आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. सोप्यात जेवायला बसलो की समोरच्या भिंतीतला तो मोकळा खिळा दिसायचा, आणि प्रत्येक घासाला मला मगदूम सरांचा राग यायचा. व्हरांड्यातल्या अपमानाचा त्यांनी सूड घेतला, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पंधरा दिवसांनी सर कॉलेजात आले ते डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घालून. खडू धरता येईना, पुस्तकाचं पान उलटता येईना. नुसते उभे राहून बोलायचे. "मास्तराला एक कुस्ती पचली न्हाई," असं म्हणून आम्ही हसायचो. मी तेवढ्यावर थांबलो नाही. संस्थेकडे अर्ज केला, की मगदूम सरांनी वैयक्तिक आकसापोटी विद्यार्थ्याला तालमीत येऊन मारहाण केली. त्यावर बावीस पोरांच्या सह्या होत्या आणि पहिली माझी होती. संस्थेचे लोक असल्या भानगडीला घाबरणारे. परीक्षेच्या आधीच सरांनी राजीनामा दिला. मला वाटलं, फिटंफाट झाली.

पुढं आषाढात एके दिवशी विहिरीवर पाण्याची बादली उचलली आणि डाव्या हातातून ती सुटून खाली गेली. पुन्हा हात वर करायला गेलो तर वर येईना. खांद्याला मेलेलं जनावर बांधल्यासारखा तो लोंबत राहिला. मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. बंडा वस्तादांनी मला मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी मानेचा फोटो काढून उजेडात धरला आणि बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिले.

"हे कधीपासून आहे?"

"मार्गशीर्षापासनं," मी म्हणालो. वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मारुतीची आण त्यांनाही आठवली असणार.

"त्यानंतर कुस्ती खेळलास?"

"एक. त्यात पडलो."

"पडलास?" डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "हा मणका बघ, जागचा सरकलाय. या अवस्थेत एकदा जरी मानेवर आपटला असतास तर मानेखालचं सगळं अंग कायमचं गेलं असतं. जगला असतास तरी अंथरुणात. पडलास तो कसा पडलास? आधी काय टेकलं?"

"खांदं."

"मान?"

डॉक्टरांनी उठून माझ्या मानेमागं हात ठेवला, नेमका त्याच जागी. त्या जागी पाच बोटं होती. कौलं दिसली तेव्हा होती, वस्ताद चीत म्हणून ओरडले तेव्हाही होती. मला वाटलं होतं, मास्तरानं मान दाबून धरली आहे.

"मान टेकलीच न्हाई," मी म्हणालो. "मानेखाली हात हुता."

मागून वस्तादांनी मोठा श्वास सोडला. "नव्वद किलो," ते म्हणाले. "वर त्येंचं सोताचं वजन. बोटं ऱ्हातील कशी?"

डॉक्टर पुढं काय बोलले ते माझ्या कानात शिरलं नाही. त्या माणसाला एकच हात होता. तोच त्यानं माझ्या मानेखाली घातला. आणि मी त्याची भाकरी काढून घेतली.

मानेला पट्टा बांधून दोन महिने घरात काढले आणि उठलो तो सरांचं गाव शोधत जतच्या बाजूला गेलो. माळावरचं दोन खणांचं घर. सर दारातच बाजेवर बसले होते, मांडीवर पुस्तक उघडं. पान उलटायला ते कोपर लावत होते. मला बघून म्हणाले, "आलास? परीक्षेला बसलास का?"

"न्हाई सर."

"बस. ऑक्टोबरात देता येते."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला वाकलो तर ओरडले, "मान वाकवू नको, गाढवा!"

मी तसाच जमिनीवर बसलो. त्यांचा डावा हात समोर होता. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं वेडीवाकडी जुळली होती, एकही पुरतं मिटत नव्हतं. मला त्या हाताकडे बघवेना.

"मला सरळ का न्हाई सांगितलंसा सर?"

"सांगितलं होतं. तुला सांगितलं, वस्तादांना सांगितलं. तू मारुतीला मध्ये घातलंस." ते किंचित हसले. "मी तेवीस वर्षांचा होतो तेव्हा माझाही हात असाच झोपायचा. मित्रानं आमच्या वस्तादांना सांगितलं. मी मित्राच्या थोबाडीत मारली आणि मैदानात उतरलो. त्या दिवशी हा उजवा गेला. तेवढ्यावर निभावलं. गावात सगळे विचारायचे म्हणून पुढं कान झाकायला लागलो, आणि पुस्तकं धरली. तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक होतं रे. आपल्या पैलवानांच्या जातीला मातीतच सांगावं लागतं."

"त्या अर्जावर पयली सही माजी हुती सर." हे सांगायलाच मी आलो होतो.

"अक्षर ओळखलं होतं. उजव्या हाताची सही ना? म्हणजे तो तरी शाबूत आहे."

मला हुंदका आवरला नाही. त्यांनी मला रडू दिलं. गार वारं सुटलं होतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "एक काम कर. आत मफलर आहे, तो बांध जरा. मला आता गाठ मारता येत नाही."

मी मफलर आणला. त्या मोडक्या कानांवरून एक वेढा दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. गाठ मारायला दोन्ही टोकं धरली तर माझ्या डाव्या हातातलं टोक सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. सरांनी माझ्या हाताकडे बघितलं. मान जराशी पुढे करून त्यांनी ते टोक दातांत धरलं, आणि उरलेल्या एका हातानं मी गाठ मारली.